खालच्या मजल्यावरची गिटार

आमच्या घरात कॉलेज पाहणारा मीच पहिला. लिहायचं धाडस करतोय, माफ करा. चारकोपच्या आमच्या बिल्डिंगमधल्या खालच्या काकांचा मला हेवा वाटतो. ते करंगळीत पितळी नळी घालून गिटारवर सरकवतात आणि तार रडते. आई पोळी लाटायची थांबते. मी क्लास लावून शिकलो, पण मी वाजवलं की ती दार लावून घेते.

काका ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, गाणाऱ्या एका जुन्या गिटारवाल्याची रेकॉर्डिंग्ज ऐकून शिकले. त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. "म्हाताऱ्याचा हात बघ रे! आयुष्य घासलंय त्याने," म्हणायचे. वय झालं की मलाही जमेल, अशी माझी समजूत होती.

काल त्यांच्या मुलीने मोबाइलला ते गाणं ऐकवून त्याचं नाव शोधलं आणि सांगितलं, तो केव्हाच वारला, ऐन तरुणपणी.

काका माझ्याकडे बघत म्हणाले, "अरे, तुझ्याच वयाचा होता की!"