झाहलेची तेता

बहारीनची राजधानी मनामा, तिथल्या आमच्या इमारतीतली तेता रोज सकाळी द्राक्षं तोडायला निघायची. डोक्याला रुमाल, कमरेला घट्ट आवळलेली ओढणी आणि हातात स्वयंपाकघरातली कात्री. जिना उतरून ती गल्लीत यायची आणि गोंधळून उभी राहायची. समोर सोन्याची दुकानं, एक लाँड्री, टॅक्सीवाल्यांचा गलका. वेल कुठेच नाही. "कालपर्यंत मळा इथेच होता," असं पुटपुटत ती भिंतींना हात लावून बघायची.

तेता म्हणजे लेबनानी बोलीत आजी. तिची मुलगी नदा आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. बायकांचे कपडे शिवणाऱ्या दुकानात तिची नोकरी होती. लेबनानमधलं युद्ध थांबल्यावर ती झाहले या आपल्या गावी गेली, तेव्हा आई मोठ्या दगडी घरात एकटी होती. मुलगा लढाईत मारला गेला होता आणि तो गेल्याचंही म्हातारी विसरली होती. नदाने तिला व्हिजिट व्हिसावर बहारीनला आणलं.

पहिल्यांदा मी तिला जिन्यात अडवलं, तेव्हा तिने माझ्यावर कात्री उगारली. मी घाबरले. माझं अरबी बाजारहाटापुरतं. काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "माझ्या वडिलांची बाग आहे. द्राक्षांची." निफाडला लहानपणापासून बघत आले होते, तसा हवेतच देठ धरून घड कापून दाखवला. तेताचा हात खाली आला.

"मण्यांना बोट लावत नाहीस," ती म्हणाली. "बरोबर. त्यांच्यावरची पांढरी झाक पुसते. चल बिन्ती, उन्हाच्या आत तोडू."

त्या दिवसापासून मी तिची बिन्ती, म्हणजे मुलगी झाले. तिच्याशी बोलता बोलता माझं अरबीही सुधारलं. नदा कामावर गेली की मी तेताला गल्ल्यांमधून हिंडवून आणायची आणि ती मला तिथेच तिचं गाव दाखवायची. दोन डोंगरांच्या मधली नदी, तिच्या काठाने खानावळी, चढावर लाल कौलांची घरं, घंटांचे आवाज. शिंप्याच्या दुकानापाशी ती हमखास थांबायची. तिच्या लेखी ते तिच्या आजोबांचं तळघर होतं. तिथे वाइनची पिंपं होती आणि मागच्या अंगणात बडीशेप घालून अरक नावाची दारू गाळायचे. एकदा सगळं गाव जळालं होतं, असं तिच्या आजीने तिला सांगितलेलं. "भिंती काळ्या पडल्या, पण मुळं जमिनीत होती ना! माणसं परत आली तेव्हा वेलांना पालवी फुटलेली." हे सांगताना तिचे डोळे असे चमकायचे की शिंपीदादाही मशीन थांबवून बघत राहायचा.

संध्याकाळी नदा घरी यायची ती पार उतरलेल्या चेहऱ्याने. "सुमन, मी काय करू? दाराला कुलूप लावलं तर कपाळ आपटून घेते, उघडं ठेवलं तर निघून जाते. मालक म्हणतो, आईला सांभाळ नाहीतर नोकरी." व्हिसाची मुदतही संपत आली होती. ती वाढणार नाही, असं व्हिसाच्या कचेरीतून स्पष्ट सांगितलं होतं.

जुलैतल्या एका दुपारी मी माझ्या मुलाला घेऊन दवाखान्यात गेले होते. तेताचा आरडाओरडा ऐकून वॉचमनने कुलूप उघडलं आणि ती गेली. मी परतले तेव्हा बातमी कळून कामावरून आलेली नदा भर उन्हात अनवाणी धावत होती, दुकानादुकानांतून "माझी आई पाहिली का?" विचारत होती. आमच्या ह्यांनी ऑफिसातून गाडी आणली. शोधता शोधता आम्ही समुद्रापर्यंत पोहोचलो.

तेता दगडांवर बसली होती. पाय पाण्यात, ओठ फुटलेले, कपडे पुढून भिजलेले. ती समुद्राचं पाणी प्यायली होती. आम्हाला बघून रडायला लागली. "कुणीतरी नदीत मीठ कालवलंय गं! आता गाव काय पिणार?"

नदाचा बांध फुटला. आईचे खांदे गदागदा हलवत ती ओरडली, "ही नदी नाही! इथे नदी नाही! इथे तुझं काहीच नाही!"

तेता दचकली. मग ओल्या हाताने तिने नदाचे डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "रडू नको. तू कुणाची मुलगी?"

तेता आठवडाभर इस्पितळात होती. त्या आठवड्यात नदाने नोकरीचा राजीनामा दिला आणि आईला गावी परत न्यायचं ठरवलं. "तिथे खायचं काय, मला माहीत नाही," ती म्हणाली, "पण निदान ती तिच्या गावात असेल." निघताना तेता टॅक्सीत नव्या नवरीसारखी ताठ बसली होती. "यल्ला, चल बिन्ती! तू पण ये. माणसं कमी पडतील तोडणीला." मी इंशाल्ला म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

थंडीत नदाचा फोन आला. आवाज इतका बारीक की आधी मला ओळखूच येईना.

"तिला नदीवर नेलं, सुमन. मळ्यात नेलं. तिच्या आजोबांचं तळघर उघडून दाखवलं. तिने सगळं नीट पाहिलं, शेजारणींचे आभार मानले आणि म्हणाली, जागा छान आहे, आता घरी जाऊ या."

"कुठल्या घरी?"

"झाहलेला. रोज विचारते, रोज बोचकं बांधते. बहारीनमध्ये असताना मला वाटायचं, एवढं एकच करायचं राहिलंय. तेही केलं. आता मी हिला कुठे नेऊ?"

"तेताला फोन दे," मी म्हटलं. "सांग, तुझी बिन्ती बोलतेय."