युसूफभाईंच्या मातीच्या बाटल्या

युसूफभाईंच्या जावयाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या एका साइटवर मुरमाची गाडी उतरवून घेत होतो. 'अब्बा गेले,' तो म्हणाला. सकाळी चहा पिता पिता मान कलली, तेवढंच. मी 'बरं' म्हणालो. हो, 'बरं'च म्हणालो. फोन खिशात ठेवला आणि ड्रायव्हरला गाडी आणखी दोन हात मागे घ्यायला सांगितलं. गाडी रिकामी झाल्यावर मग त्यांच्या गावी, अकोटला निघालो.

दुपारी कब्रस्तानात सगळ्यांसारखी मीही तीन मुठी माती दिली. तिसऱ्या मुठीतली थोडी बोटांना चिकटून राहिली, ती मी नकळत जिभेवर ठेवली. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मातीत खार नव्हता. रडू आलं नाही, काही आठवलंही नाही. माती चांगली आहे, एवढंच मनात आलं. आज दोन महिने होत आले, त्यापुढे मन फारसं सरकलेलं नाही.

मी लोकांना बगीचे करून देतो. झाडं, हिरवळ, पायवाटा हे सगळं लोकांना दिसतं. त्याखाली दोन-तीन फूट भराव असतो, तो कुणी बघत नाही. तो भराव गेली सोळा वर्षं युसूफभाई निवडायचे. त्यांचा स्वतःचा एक जुना टिप्पर होता. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी पायवाटेखाली काळी माती टाकायला निघालो होतो. नुकता शिकून आलेलो, नकाशा हातात, आणि फुकटात मिळालेली माती समोर. हे गृहस्थ टिप्परमधून उतरले, ढेकूळ उचलून फोडलं आणि म्हणाले, "भाऊ, काळी देखनी असते, पन पानी पेली का फुगते न् उन्हाळ्यात फाटते. तुमच्या फरश्या नाचतीन. वाटेखाली मुरूम टाका, भिंतीच्या मागं गिट्टी, न् झाडाच्या बुडाशी तलावाचा गाळ." माझ्या शिक्षणाचा त्यांनी असा तीन वाक्यांत निकाल लावला. मला राग आला होता. फरश्या मात्र आजही जागेवर आहेत.

त्यांच्या दोन सवयी होत्या. कुठलीही माती घेण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकायची. आमच्याकडे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. तिथली माती दिसायला अशी काळीभोर की कुणीही भुलावं, पण खोल खणलेली असेल तर पोटातला खार वर येतो. डोळ्यांना कळत नाही, जिभेला कळतं. दुसरी सवय म्हणजे, प्रत्येक कामाची मूठभर माती काचेच्या बाटलीत टाकायची, पाणी भरून हलवायची आणि ठेवून द्यायची. सकाळपर्यंत रेती खाली, गाळ वर, असे थर बसायचे. बाटलीवर ते चिठ्ठी चिकटवत आणि मराठी शाळेतल्या वळणदार अक्षरात गावाचं नाव आणि एक शेरा लिहीत. 'गोडी.' 'खारी.' 'चुना हाय, नको.' मी त्यांना चिडवायचो, की युसूफभाई, तुमच्या घरी लोणच्याला बरणी उरत नसेल. ते म्हणायचे, "लोनचं बिघडलं तं एक घर उपाशी नाही राहत. माती बिघडली तं झाड कुठं जाईन?"

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

सहा वर्षांपूर्वी नांदगाव खंडेश्वर रोडवर एका डॉक्टरबाईंच्या बंगल्याचं काम माझ्याकडे होतं. प्लॉट खोलगट, गृहप्रवेश तोंडावर आलेला. युसूफभाई तलावाचा गाळ आणणार होते, पण चार दिवस थांबा म्हणाले. गाळ अजून ओला होता. मला थांबवेना. दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यातच, कुणी शेततळं खणत होतं, तिथली माती मीच फोनवर पक्की केली आणि युसूफभाईंना फक्त टिप्पर पाठवायला सांगितलं. पहिली खेप उतरली तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, एकडाव जिभेवर ठेवून पाहा." मी हसून म्हणालो, "आता बगीचा करायचा की जेवायला बसायचं?" त्यांनी वाकून मूठभर माती रुमालात बांधली आणि ते गेले.

उन्हाळ्यात त्या जमिनीवर पांढरी साय धरली. हिरवळ जळाली, आंब्याची कलमं कडांनी करपत आत वाळली. बाईंनी आम्हा दोघांना उभं केलं आणि विचारलं, "ही माती आणली कोणी?" मी खाली बघत होतो. युसूफभाई म्हणाले, "गाडी माहीच व्हती, मॅडम." खोटं काहीच नव्हतं त्यात. पुढचं वाक्य मी बोलायचं होतं... मी बोललो नाही. सगळी माती उपसून गाळ भरण्याचं काम त्यांनी भर उन्हात केलं. त्यानंतर त्या वस्तीत मला आणखी बगीचे मिळाले. पण प्रत्येक जण आधीच सांगायचा, भराव त्या टिप्परवाल्याकडून नको. मी 'ठीक आहे' म्हणायचो. युसूफभाईंनी कधी 'काहून' म्हणून विचारलं नाही. बाईंना खरं सांगू, दिवाळीनंतर सांगू, असं करत सहा वर्षं गेली. मी भ्यालो होतो, दुसरं कारण नाही.

चाळिसाव्या दिवशी अकोटला गेलो. भाभींनी मागच्या टिनाच्या खोलीचं कुलूप काढून दिलं. "तुमीच घेऊन जा हे बाटल्या," त्या म्हणाल्या. "घरात कोनाले समजत नाही त्यातलं." फळीवर सगळ्या ओळीनं लावलेल्या होत्या. नांदगाव रोडची बाटली मी शोधली नाही; ती समोरच होती. चिठ्ठीवर जागेचं नाव होतं. त्याखाली 'खारी' असेल असं मला वाटलं होतं. तिथे लिहिलं होतं, 'न चाखता घेतली.' कोणी घेतली, ते लिहिलं नव्हतं.

येताना थेट डॉक्टरबाईंकडे गेलो. बाटली टेबलावर ठेवली आणि ती माती मीच ठरवली होती हे सांगितलं. त्यांनी चिठ्ठी वाचली. मग म्हणाल्या, "एकदा रस्त्यात त्यांनी नमस्कार केला होता. मी मान फिरवली होती." त्यांनी चहा विचारला, मी नको म्हणालो.

बाकीच्या बाटल्या कपाटात ठेवल्या आहेत. ती एक मात्र माझ्या टेबलावर असते. चिठ्ठीवर शेवटच्या ओळीखाली बोटभर जागा कोरी होती. तिथे मी माझं नाव लिहिलं.