आप्पांची जपानी गल्ली

आमच्या आप्पांइतका खरं बोलणारा माणूस मी सिल्वासात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांना चारचौघांत खोटं पाडलं ते मीच. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी त्यांच्याबद्दल जे प्रेमानं लिहिणार आहे, ते वाचून माझ्याविषयी तुमचं मत उगीच चांगलं होईल.

आप्पा सिल्वासाजवळच्या मसाट गावातल्या आमच्या कारखान्यात फोरमन होते आणि मी त्यांच्या हाताखाली इलेक्ट्रिशियन. ते जळगावकडचे, मी चिपळूणचा. कारखान्यात सुताला पीळ देणारी यंत्रं होती. त्यातलं सगळ्यात मोठं यंत्र जपानहून आलं, तेव्हा ते शिकून घ्यायला शेठनी आप्पांना महिनाभर तिकडे पाठवलं. तोपर्यंत वापीच्या पलीकडे रेल्वेनं जायचं म्हटलं तरी आप्पा दोन दिवस आधी जेवण कमी करत. असा माणूस जपानला गेला आणि जो परत आला तो दुसराच. यंत्राबद्दल विचारलं तर म्हणायचे, "यंत्र काय भो, पुस्तकात लिहेल आहे. गल्लीचं विचार." कारण त्या महिन्यातले चारही रविवार त्यांनी एकाच गल्लीत काढले होते. त्यांच्या राहण्याच्या जागेपासून रेल्वेनं दोन स्टेशनं गेलं की एक दगडी फरशीची अरुंद गल्ली लागे. दोन्ही बाजूंना लहान लहान दुकानं आणि शेवटी देऊळ. कुणाच्या दारात लाकडी कंगवे, कुणाच्या दारात कागदी पंखे, एक लोणचीवाली, एक लाकडी डाव-पळ्या करणारा कारागीर, आणि कोपऱ्यावर निखाऱ्यांवर तांदळाचे पापड भाजणारा म्हातारा. "आपण देवळात जातो," आप्पा सांगत, "ते लोक देवळाकडे जातात. फरक समजला का तुले?" मला समजला नव्हता. पण मान हलवली, कारण तेव्हा माझा ओव्हरटाइम आप्पांच्या हातात होता.

परत आल्यावर आप्पांनी ती गल्ली सिल्वासात वसवली. बाजारातून देवळाकडे जाणारा आपला साधा रस्ता. फरसाणवाला, बांगडीवाला, पंक्चरवाला, रस्त्याकडेला बसलेल्या भाजीवाल्या वारली बायका, आणि देवळाच्या अलीकडे दोन बार, जिथं दारूबंदीच्या गुजरातेतून येणारी मंडळी आमच्या देवापेक्षा जास्त भक्तिभावानं जात. दर रविवारी संध्याकाळी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, जाड मिशीवरून हात फिरवून तिथून रमतगमत चालत निघत. मला बरोबर घेत. पाच मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला सव्वा तास लागायचा. प्रत्येक दुकानापाशी थांबायचं, माल निरखायचा, मान लववायची आणि पुढे जायचं. पंक्चरवाल्याच्या दुकानात निरखण्यासारखं काय असतं, असं मी एकदा विचारलं. आप्पा म्हणाले, "त्याचा हात पहाय. ठिगळ कसं घासू राह्यला." तो पंक्चरवाला उत्तर प्रदेशातला, आधी बिचकायचा. पुढे पुढे तोही हातात ट्यूब घेऊन उठून वाकायला लागला. वर्षभरानं तर त्याचं गिऱ्हाईकही वाकायचं, का ते माहीत नसताना.

चालता चालता खायचं नाही, हा पहिला नियम. ज्याच्याकडे घेतलं त्याच्याच दारात उभं राहून खायचं आणि कागद त्यालाच परत करायचा. फरसाणवाला लांबूनच हाक मारी, "आवो जापानकाका, ऊभा रहीने खाशो ने?" आणि आप्पा खरंच उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघत फाफडा संपवत. फरसाणवाला सांगायचा की, हे काका समोर असे उभे राहतात म्हणून मला तेल बदलावं लागतं. कागद परत घ्यायला मात्र त्याला जड जाई. मग आप्पा तो घडी करून खिशात ठेवत, आणि सोमवारी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, शर्ट धुवायला घेत तेव्हा खिशातून तळलेल्या मिरच्या निघत.

रस्त्याचा मधला भाग देवाचा, माणसानं कडेनं चालायचं, हा दुसरा नियम. जपानात कडेला काय असतं मला माहीत नव्हतं, आपल्याकडे गटार होतं. आम्ही दोघं गटाराच्या काठानं तोल सावरत चालायचो आणि मधून टेम्पो जायचे. मी म्हटलं, "आप्पा, देवाच्या जागेतून टेम्पो जातोय." ते म्हणाले, "त्याचं तो अन् देव पाहून घेतील. आपली चप्पल सांभाळ." देवळाशी पोचलं की नळावर हात आणि तोंड धुवायचं, आणि उदबत्तीचा धूर ओंजळीत घेऊन जिथं दुखतं तिथं लावायचा. आप्पांचा गुडघा दुखायचा. पुजाऱ्यांनी पहिल्या खेपेला हटकलं. दुसऱ्या महिन्यात पुजारी स्वतःच्या कंबरेला धूर लावताना मी पाहिले.

त्या पापडवाल्या म्हाताऱ्याबद्दल आप्पा सगळ्यात जास्त बोलत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण आप्पांनी त्याच्या निखाऱ्यांशी बसून हातवारे करून सांगितलं होतं की आमच्या घरी बायका ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडच, करतात, असेच भाजतात, पुढच्या वेळी आणीन. म्हाताऱ्यानं बोट वर करून कबूल करून घेतलं होतं. त्यामुळे आप्पांना जपानला पुन्हा जायचं होतं. कारखान्यात दुसरं यंत्र येणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हापासून काकूंना ते दर उन्हाळ्यात त्या म्हाताऱ्यासाठी वेगळे बिबडे करायला लावत. यंत्र येत नव्हतं, पण बिबडे दर वर्षी ताजे असत.

आता माझी गोष्ट. अशाच एका साली खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. सगळे जमले होते, मॅनेजरसाहेबही होते. ऑफिसच्या भिंतीवर जपानी यंत्रवाल्यांनी पाठवलेलं कॅलेंडर होतं. त्यात देवळाकडे जाणाऱ्या गल्लीचाच फोटो होता. प्रचंड दरवाजा, माणसापेक्षा मोठा तांबडा कंदील आणि मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी. आप्पा नव्या पोरांना गल्ली सांगत होते. मी पेढा खात मोठ्यानं विचारलं, "आप्पा, तुमच्या गल्लीत हा कंदील कुठं होता?"

आप्पांनी कॅलेंडरकडे नीट पाहिलं. "ही वेगळी हाये भो. आपली लहान होती."

"म्हणजे जपानात जाऊनही तुम्ही मसाटच शोधलंत."

सगळे हसले. आप्पाही हसले. तिथं थांबलो असतो तर चाललं असतं. पण मॅनेजरसाहेब हसले होते, आणि साहेबांना हसवलं की माणसाला चढते. मी म्हटलं, "साहेब, मला वाटतं आप्पा चारही रविवार खोलीवर झोपले होते. गल्ली परतीच्या विमानात तयार झाली." साहेबांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हशा झाला. आप्पांनी हातातला पेढा पुन्हा ताटात ठेवला आणि म्हणाले, "चला, दुसऱ्या पाळीची वेळ झाली."

पुढच्या रविवारी ते बाजारात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फरसाणवाल्यानं मला विचारलं, "काका बीमार छे?" मी म्हटलं, कामात आहेत.

काही महिन्यांनी दुसऱ्या यंत्राचं नक्की झालं. साहेबांनी मला बोलावलं. "आप्पा चांगले आहेत, पण गोष्टी रचतात. तिकडे अचूक माणूस पाहिजे. तू जा." तेव्हा 'ती माझी थट्टा होती' एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. ते वाक्य मला येत होतं. मी म्हटलं, "बरं साहेब."

निघायच्या आदल्या दिवशी आप्पा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन माझ्या खोलीवर आले. आत बिबडे होते आणि वहीच्या कागदावर काढलेला नकाशा. "रागावू नको," ते मला म्हणाले. मला. "वेळ मिळाला तर जा. कोपऱ्यावरचा. भाजायला सांग, तळू नको म्हणावं."

मी तिकडचे पहिले दोन रविवार खोलीवर झोपून काढले. गल्ली नसेल याची भीती नव्हती, ती असेल याची होती. तिसऱ्या रविवारी डबा घेऊन निघालो. दोन स्टेशनं, मग दगडी फरशी. कंगवे. पंखे. लोणचीवाली. लाकडी डाव. आप्पांनी एकही दुकान मनचं घातलं नव्हतं, एकही वगळलं नव्हतं. कंदील कुठंच नव्हता. लोक कडेकडेनं चालत होते. मीही कडेनं चाललो, अंग चोरून, चोरी करायला आल्यासारखा.

कोपऱ्यावर निखाऱ्यांपाशी एक मध्यमवयीन बाई होती. मी डबा उघडून तिच्यापुढे धरला. तिनं एक बिबडा उचलून उजेडाकडे धरला आणि आतल्या बाजूला हाक मारली. आतून भिंत धरत म्हातारा बाहेर आला. त्यानं बिबडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्यानं दोन बोटांनी ओठांवर जाड मिशी काढून दाखवली आणि प्रश्नार्थक हात केला. मी मान खाली घातली. म्हाताऱ्याला ते नमस्कारासारखं वाटलं असावं. त्यानंही मान लववली, बिबडा चिमट्यानं भाजला आणि उभं राहून पूर्ण खाल्ला. माझ्या मागे मात्र तो अधूनमधून बघतच राहिला.

परत आलो तेव्हा आप्पांनी एवढंच विचारलं, "भाजले का तळले?" मी सांगितलं, भाजले. सगळी दुकानं सांगितली. त्यांचा चेहरा उजळला. म्हातारा त्यांना शोधत होता, हे मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर माझ्याऐवजी तिथं कोण असायला हवं होतं, तेही सांगावं लागलं असतं. दोन वर्षं मी ते गिळून बसलो. त्या दोन वर्षांत आप्पा रोज माझ्याशी जसे बोलायचे तसेच बोलले. यापेक्षा मोठी शिक्षा मला कुणी दिलेली नाही.

आप्पा आता त्यांच्या गावी असतात. तिथल्या देवळाच्या रस्त्यावर फक्त पिठाची गिरणी आणि एक न्हावी आहे. तरी काकूंच्या पत्रात असतं की तेवढ्या रस्त्याला ह्यांना तासभर लागतो.

ते निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये निरोप होता. मॅनेजरसाहेब खुर्चीत होते, खंडेनवमीला हसलेले बहुतेक सगळे समोर होते. माझी पाळी आली. भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातच राहू दिलं आणि म्हणालो, "आप्पा, गल्ली खरी आहे. मी तिथून चालत गेलो. पापडवाल्यानं मला पाहिलं आणि माझ्या मागे तुम्हाला शोधलं. तुमच्या जागी मी गेलो, कारण मी तुम्हाला इथंच, ह्या सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं, आणि साहेबांनी मला जायला सांगितलं तेव्हा ती थट्टा होती हे सांगितलं नाही. माझं चुकलं, आप्पा. मला माफ करा."