तनयाच्या खात्यावर चालणारं सासर

तनया हल्ली जेवणं झाली की हसते, आणि त्या हसण्याची मला काळजी वाटते. समोर हसण्यासारखं काहीच नसतं. हातात फोन असतो. कोणती मालिका कुठवर पाहून झाली हे दाखवणारी एक बारीक रेघ त्यावर असते. ती रेघ मध्येच थांबली की माझी मुलगी हसते, कारण मालिका तिकडे विश्रांतवाडीत थांबलेली असते.

विश्रांतवाडी म्हणजे तिचं सासर. आमच्या घरात आता त्या माणसांची नावं सहसा कोणी घेत नाही. लग्नानंतर दोन वर्षं ती तिथे नांदली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत अभय, म्हणजे जावई, तिला बिबवेवाडीत आमच्या दारात सोडून गेला. ‘चार दिवस आराम कर’ म्हणाला. नंतर मेसेज आला, यायची घाई करू नकोस. मग टेम्पो आला आणि त्यातून तिचे कपडे आले, गोण्यांत कोंबलेले, इस्त्रीचे आणि धुवायचे एकत्र. पाठोपाठ लॉकडाऊन लागला. कोर्ट बंद, वकीलबाई घरी. भांडायलासुद्धा घराबाहेर पडता येईना.

गोण्या आल्या, टीव्ही आला नाही. भिंत भरून टाकणारा तो टीव्ही तनयाने पहिल्या दिवाळीला स्वतःच्या पगारातून घेतला होता. सासऱ्यांनी, तात्यारावांनी, त्याचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलं आणि तो आपल्या मांडीखाली ठेवला. तनया ऑफिसातून यायची, स्वयंपाकाला हात लावायची, ओटा आवरायची आणि हात पुसत बाहेर येऊन बसायची. ती बसली की तात्याराव टीव्ही बंद करायचे. “झालं आमचं,” म्हणायचे. सासूबाई शैलाताई पुस्ती जोडायच्या, “डोळ्यांना तरी किती ताण द्यायचा माणसानं.” अभय मान खाली घालून फोनमध्ये बघत राहायचा. हे एकदा घडलं नाही, रोज घडायचं. एकदा ती ओटा तसाच टाकून आधीच येऊन बसली. त्या दिवशी तात्यारावांनी तासभर बातम्या लावल्या, आवाज बंद करून.

माझ्या बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “एवढंच?” हो, एवढंच. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. वकीलबाईंनाही हे अर्जात कसं मांडायचं कळत नाही. पण दोन वर्षांत माझ्या मुलीने त्या घरात एकही गोष्ट शेवटपर्यंत पाहिली नाही, आणि ते तिने मनात ठेवलं.

मनात ठेवणं हा तिचा जुनाच गुण. लहानपणी शेजारच्या शौनकने तिचा आकाशकंदील काठीने फाडला. ती रडली नाही की तक्रार केली नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबली, आणि त्याचा कंदील लागल्यावर खिडकीतून शांतपणे पिचकारी मारली. आता ती सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. चांगलं चाललेलं कुठे मोडेल हे शोधायचे तिला पैसे मिळतात.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ती फोन घेऊन माझ्याकडे आली. “आई, हे बघ. बसलेत सगळे.”

त्या टीव्हीवर मालिका-सिनेमांचं जे खातं होतं ते तनयाचं होतं, तिच्याच कार्डावर चालणारं. ते बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. विश्रांतवाडीने एका बंगल्यातल्या खुनाची मालिका लावली होती आणि रोज जेवून दोन-दोन भाग चालले होते.

“पासवर्ड बदल आणि मोकळी हो,” श्रीनिवास म्हणाले. हे माझे यजमान. त्यांना सगळं एका वाक्यात संपलेलं आवडतं.

“छे. मग ते दुसरं काहीतरी बघतील, बाबा.”

पासवर्ड तिने बदलला नाही. तिने वाट पाहिली. मालिका रंगात आली, कोणावर संशय घ्यायचा यावरून त्या घरात वाद होत असतील अशा बेताला आली, आणि मग एके दिवशी तिने भाषा बदलून कोरियन केली. त्यांनी ती परत मिळवायला दोन दिवस घेतले. मग ते यायच्या आधी ती मालिका पुढे ढकलून ठेवू लागली. तात्यारावांनी बटण दाबलं की शवपेटीच समोर यायची, कोण मेलं हे कळायच्या आधी. सगळ्यात जालीम उपाय नंतर सापडला. त्या खात्यावर एका वेळी दोनच पडदे चालतात. विश्रांतवाडीचा एक भाग संपत आला की तनया म्हणायची, “आई, तुझा फोन दे.” माझ्या फोनवर एक सिनेमा, तिच्या फोनवर दुसरा. तिकडे पुढचा भाग सुरूच होत नसे.

मी फोन दिला. रोज दिला. इकडे आम्ही काय लावलंय हे आम्हाला ठाऊकही नसायचं. आवाज बंद, फोन पालथे टेबलावर, आणि आम्ही दोघी शेंगा सोलत बसलेल्या. मला फार बरं वाटायचं. त्या गोण्या मी स्वतः उघडल्या होत्या.

मे महिन्यात तनयाच्या नणंदेचा, चैतालीचा फोन आला. ती पोर वाईट नाही, नुसती बोलघेवडी आहे. तनयाने स्पीकर लावला.

“वहिनी, तू तिकडे सुखी आहेस. इथे टीव्हीने वैताग आणलाय. खुनी कोण ते कळायची वेळ आली की बंद.”

“अरेरे,” तनया म्हणाली.

“बाबा इंटरनेटवाल्या ऋषीला उठसूट झापतात. त्यांचं म्हणणं, हे टीव्हीबरोबर जन्मभर फुकट आलंय, मग बिघडतंच कसं. सोसायटीत सगळ्यांना सांगून झालंय, आम्हाला पैसेच पडत नाहीत म्हणून.”

“फुकटचं जरा नाजूकच असतं गं.”

फोन ठेवल्यावर श्रीनिवाससुद्धा हसले. पण ते हसू ओसरल्यावर मला काहीतरी टोचायला लागलं. तात्याराव ऋषीवर ओरडत होते. शैलाताई नशिबाला बोल लावत असतील. ज्यांच्यावर सूड घ्यायचा त्यांना कळतच नसेल, तर तो सूड कसला? ती नोकरी झाली, आणि तिला सुट्टी नाही.

तनयाला सुट्टी राहिलीच नाही. ते नवाला बसतात म्हणून आमची जेवणं साडेआठला. एका आठवड्यात तिकडे काहीच लागलं नाही, तर हिचं जेवणात लक्ष लागेना. “का नसतील बसले?” हे तिने मला इतक्यांदा विचारलं की जणू घरचंच कोणी यायचं राहिलं होतं. मैत्रिणी हे बघ, ते बघ म्हणून सुचवतात, ती “बघते” म्हणते. वर्षभर सगळी दुनिया घरात बसून मालिका बघत होती. माझी मुलगी दुसऱ्यांचं बघणं बघत होती.

आता कोर्टाचं काम व्हिडिओवर सुरू झालंय. अभय आपणहून कबूल झाला, दोघांच्या संमतीने घटस्फोट द्यायला तयार आहे, वस्तूही परत द्यायला तयार आहे. वकीलबाईंनी तारीख घेतली. काल कळलं की तनयाने त्यांना तारीख पुढे ढकलायला सांगितली.

“का गं?”

“सही केली की टीव्ही परत येईल ना.”

“मग येऊ दे. तुझाच आहे.”

“इथे आल्यावर ते कशावर बघणार?” ती अगदी सरळपणे म्हणाली. “आई, त्यांनी परवाच नवीन सुरू केलीय. चार सीझन आहेत.”

चार सीझन. तोवर ही अभयची बायको राहणार. त्या कोचावर तात्यारावांच्या बाजूला बसून राहणार, इथल्या खुर्चीत बसूनसुद्धा. तिकडची माणसं तिला दाराबाहेर काढून मोकळी झाली आणि ती मात्र अजून त्या घरातून निघालेली नाही.

मी पुष्कळ विचार केला. तिला समजावून उपयोग नाही, ती पिचकारी भरून बसलेली मुलगी आहे. तात्यारावांना क्षमा करावी असंही मला वाटत नाही. उलट त्यांना जे मिळायला हवं ते अजून मिळालेलंच नाही, असं माझं मत आहे. ते मानी गृहस्थ आहेत. टाकलेल्या सुनेच्या खात्यावर आपण वर्षभर मालिका बघतोय हे त्यांना कळलं, तर ते स्वतःच्या हाताने टीव्ही बंद करतील आणि पुन्हा लावणार नाहीत. सोसायटीत कोणी विषय काढू नये म्हणून लिफ्ट टाळून जिन्याने खाली उतरतील. एवढी शिक्षा पुरे आहे, आणि ती देऊन झाली की माझ्या मुलीला तिथे थांबायचं कारण उरणार नाही.

तेव्हा उद्या सकाळी मी फोन करणार आहे. शैलाताईंना नाही आणि अभयलाही नाही, थेट तात्यारावांना. वरचा आवाज लावणार नाही. “अहो तात्याराव, आपण जे बघता ना, ते टीव्हीबरोबर आलेलं नाही, आमच्या तनयाबरोबर आलं होतं,” इथून सुरुवात करेन. एप्रिलपासूनचं सगळं क्रमाने सांगेन. ऋषीची माफी मागा म्हणेन, आणि टीव्ही उतरवायला रविवारी माणूस पाठवते म्हणेन.

तनया माझ्यावर चिडेल, कदाचित महिनाभर बोलणारही नाही. चिडू दे. तो राग निदान याच घरातला असेल. तिच्या पाठीमागे काही करायचं नाही, म्हणून फोन मी तिच्या देखतच लावणार आहे.