ठोक्या इंद्रभान

केनवड गावात कुणाचा फवारणीचा पंप बिघडला की तो माणूस इंद्रभानकडे यायचा, पंप त्याच्या हातात द्यायचा आणि दोन पावलं मागं सरकायचा. कारण इंद्रभानची दुरुस्ती ठोक्यानं सुरू होई. आधी तळहाताची सणसणीत चापट, मग गुद्दा, आणि तरी मोटर बोलली नाही तर लाकडी हातोडी. निम्मे पंप चापटीवरच चालू व्हायचे. गाव त्याला ठोक्या म्हणायचं, हसायचं, पण यायचं त्याच्याचकडे. माणसांनाही तो याच औषधानं सुधारू पाहायचा. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात त्यानं सख्ख्या भावाचा दात पाडला होता. लाथाळ म्हशीला एकदा असं बडवलं होतं की ती महिनाभर त्याचा आवाज ऐकला की मुतायची. अशा माणसाला लोक भला म्हणत नाहीत आणि म्हणूही नये. मात्र बायकोवर, मनकर्णाबाईवर, त्याचा हात कधी उठला नाही. ती बोलायला लागली की हा गडी मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

त्या उन्हाळ्यात गावात वानरांची टोळी उतरली. टोळीचा मालक एक दांडगा नर होता, हुप्प्या. मनकर्णाबाईनं घराच्या स्लॅबवर वड्या वाळत घातल्या होत्या. हुप्प्या वड्यांत बसलेला दिसला तशी ती काठी घेऊन धावली आणि त्याला पाण्याची टाकी आणि कठडा यांच्या कोपऱ्यात तिनं कोंडलं. कोंडलं तर मांजरही अंगावर येतं, हा तर हुप्प्या. त्यानं तिच्या दंडाचा लचका तोडला. आतलं पांढरं हाड दिसलं. इंद्रभाननं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तो हात बांधला.

"याले म्या जित्ता सोडत नाई," तो म्हणाला.

"भेलं व्हतं ते," मनकर्णाबाई कण्हत म्हणाली. "म्याच कोंडलं त्याले. तुमी काई करू नका."

पुढच्या आठवड्यात राजू, म्हणजे ग्रामपंचायतीचा मेंबर, एक अजब बंदूक घेऊन इंद्रभानच्या दुकानात आला. वाशीमकडच्या रस्त्यावर कुणीतरी खेळाचं मैदान काढलं होतं, ते बंद पडलं आणि तिथलं सामान विकायला निघालं. त्यातली ही पेंटबॉलची बंदूक. मागं हवेची बाटली, वर रंगाच्या गोळ्यांचं प्लॅस्टिकचं भांडं, मुठीत बॅटरी आणि सर्किट. गोळी लागली की फुटते, रंग उडतो, चांगला चटका बसतो.

"वानर मरत नाई, पयते," राजू म्हणाला. "मारुतीचं जनावर हाय, जीव नाई घ्याचा. पन हे बंदुकीचं बेनं कदी सुटतच नाई, अन् कदी बोट न लावता तीन-तीन गोया सोडते. पाह्य जरा, भाऊ."

इंद्रभाननं नवी बॅटरी घातली. पट्ट्यांवर हिरवा जंग चढला होता, तो पॉलिश पेपरनं घासला, तसा सर्किटवरचा लाल दिवा लागला. मग सांध्यांना साबणाचा फेस लावला. बाटलीच्या मानेपाशी बुडबुडे आले. तिथला रबरी वायसर चिरला होता. फवारणी पंपाचा वायसर कातरून त्यानं बसवला आणि बुडबुडे थांबले. तरी बंदुकीचा लहरीपणा गेला नाही. शेवटी त्यानं तिचं पोट उघडलं. आत स्प्रिंगनं ताणलेला एक लोखंडी दट्ट्या होता आणि त्याला अडवून धरणारा एक छोटा खटका. घोडा दाबला की विजेनं खटका ओढला जायचा, दट्ट्या सुटायचा, हवेचा फटका बसायचा आणि गोळी निघायची. त्या खटक्याची कड झिजून गोल झाली होती. म्हणून तो कधी नुसताच रुतून बसायचा, आणि कुठं धक्का लागला की आपसूक निसटायचा.

रोग सापडला होता. औषधही त्याला ठाऊक होतं: कडेवर वेल्डिंगचा थेंब चढवायचा आणि कानस मारून धार काढायची. पण लाइट गेलेली होती. त्यात राजू चहाला गेला आणि तेवढ्यात शेजारची बाई ओरडत आली, की हुप्प्या पुन्हा तुमच्या स्लॅबवर बसला आहे. इंद्रभाननं झिजका खटका होता तसा आत दाबला, झाकण लावलं, वरून एक चापट दिली. दिवा लागला. "झालं!" तो म्हणाला. काम अर्ध्यात सोडून झालं म्हणायची ही आपली खोड किती घरं बुडवते, त्याला मोजदाद नाही.

त्याचा दुसरा अपराध याहून मोठा. त्यानं भांड्यातल्या रंगाच्या गोळ्या काढल्या आणि पोरांच्या काचेच्या गोट्या भरल्या. नळीत त्या अगदी मापानं उतरल्या. हाकलायचं कुणाला होतं? त्याला हुप्प्याचं डोकं फोडायचं होतं.

तो जिना चढून वर गेला. हुप्प्या टाकीवर बसून शेपटी झुलवत होता. इंद्रभाननं नेम धरला, घोडा दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. हुप्प्यानं दात दाखवले. इंद्रभानचं डोकं फिरलं. त्यानं बंदूक आडवी मांडीवर घेतली आणि सवयीनं, सगळा जोर लावून, तिच्यावर गुद्दा हाणला.

खटका निसटला. ताड ताड ताड करत गोट्या सुटल्या. नळीचं तोंड जिन्याकडे होतं, आणि नवऱ्याला अडवायला मनकर्णाबाई त्याच वेळी जिना चढून वर आली होती. ती खाली बसली आणि दोन्ही हात तोंडावर धरले. बोटांच्या फटीतून रक्त आलं, आणि रक्तासोबत जे आलं ते पाहून इंद्रभान गुरासारखा हंबरला. हुप्प्या केव्हाच निंबावर पळाला होता.

वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कशानं झालं? मनकर्णाबाईच बोलली. "वानरानं ढकललं. नळाच्या पाइपावर पडली." दंडावरची जखम होतीच, कोण शंका घेणार? डावा डोळा गेला. डॉक्टर बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "तुमी जेलात गेल्यावर मले कोन पाह्यन?"

त्यानं बंदूक गोणपाटात गुंडाळून विहिरीत टाकली. राजूला सांगितलं, नाही जमली, भंगारात दिली. आणि गप्प बसला.

गाव मात्र पेटलं. कालपर्यंत मारुतीचं जनावर म्हणणारे आता सुतळी बॉम्ब आणि काठ्या घेऊन निघाले. पोरं इंद्रभानच्या दारात आली. "चाल भाऊ, पयला हक तुहा हाय." त्या वेळी एक वाक्य बोलला असता तरी पुरे होतं. पण त्यानं काठी हातात घेतली आणि गर्दीत सामील झाला. भित्रेपणाचाच दुसरा प्रकार हा, पण गर्दीत तो शौर्यासारखा दिसतो. हुप्प्याला त्यांनी निंबावरून उठवलं, शाळेच्या पत्र्यावरून उठवलं, दगडांनी त्याचा पाय मोडला. तो तीन पायांवर धावत विजेच्या डीपीच्या खांबावर चढला आणि तिथून तारेला लटकला. कडाड करून निळा जाळ उठला. जळक्या केसांचा वास सगळ्या आळीत पसरला. हुप्प्या खाली पडला तेव्हा त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या.

आणि मग तेच लोक रडायला लागले. आपल्याकडे वानर मेलं की गाव त्याला पोराच्या मायेनं माती देतं. हुप्प्याला आंघोळ घातली, शेंदूर लावला, गुलाल उधळला, भजन म्हणत मिरवणूक काढली. मारुतीच्या पाराशेजारी खड्डा खणला. मग प्रश्न आला, सुतक धरून डोकं कोण भादरणार? इंद्रभान न बोलता न्हाव्यापुढं जाऊन बसला. लोक हळहळले. ज्या वानरानं बायकोचा डोळा घेतला, त्याचंच सुतक हा धरतो! ठोक्या म्हणून हिणवलेला माणूस एका दिवसात देवमाणूस झाला.

तेरवीला सगळं गाव पंगतीला बसलं. पोळी, वरण, बुंदी वाढून झाली. बायांच्या पंगतीत मनकर्णाबाई डोळ्यावर पट्टी बांधून बसली होती. म्हातारे फुलचंद बुवा शाल आणि नारळ घेऊन उठले. त्यांनी शाल इंद्रभानच्या खांद्यावर टाकली आणि चार माणसांत त्याच्या मोठ्या मनाची तारीफ केली. इंद्रभाननं ती शाल अंगावरून ओढून काढली. विंचू बसला असता तरी इतक्या घाईनं झटकला नसता.

"डोया वानरानं नाई घेतला," तो म्हणाला. "म्या घेतला. बंदुकीनं. माह्या हातानं."

मग फुलचंद बुवांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "पाहा," ते लोकांना म्हणाले, "मेलेल्याचा दोषबी अंगावर घेऊन राह्यला. कुटं मियते असा मानूस?" बायांनी पदर डोळ्यांना लावले. राजूनं त्याच्या पत्रावळीवर आणखी बुंदी वाढली.

"खरं सांगून राह्यलो!" इंद्रभान ओरडला आणि मनकर्णाबाईकडे वळला. "सांग ना वं त्याइले! तू तरी सांग!"

सगळ्यांची तोंडं तिच्याकडे फिरली. मग उरलेला डोळा तिनं नवऱ्याकडे उचलला.

"खरं हाय ह्याइचं," ती म्हणाली. "पन हुप्प्या जित्ता व्हता तवा बोलाचं व्हतं. मीबी गप बसली, तुमीबी."

कुणी घास उचलला नाही. मनकर्णाबाईनं पत्रावळ दुमडली, हात न धुताच उठली आणि एकटी घराकडे चालू लागली. इंद्रभान तिच्या मागं धावला. तिचा हात धरायला त्यानं आपला हात पुढं केला, आणि ती दचकून मागं सरली.