आय-सेव्हन, पण कितव्या पिढीचा?

"कदम, एकच वाक्य लिहा. ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळं मशीन स्लो झाल्या. खाली सही, शिक्का. संपला विषय."

प्राचार्यांनी कोरा कागद माझ्याकडं सरकवला. ऑपरेटर, म्हणजे कविता शिंदे, दाराशी उभी होती. तिच्यासमोरच हे चाललं होतं. अकरा महिन्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर काम करणारी बाई. घरात म्हातारी आई अन् पहिलीतली मुलगी, दोघींचं हिच्या पगारावर चालतं. ऑर्डर महिनाअखेर संपत होती. माझं ते एक वाक्य फाइलीला लागलं की नवी ऑर्डर निघणार नव्हती.

कॉलेज उदगीरचं. मी नांदेडचा. बावीस वर्षं हार्डवेअरच्या धंद्यात. या कॉलेजच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचं एएमसी माझ्याकडं होतं, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट. लॅब मात्र नवी, सप्लायरच्या वॉरंटीतली. तिथं मी पाऊलही टाकलं नव्हतं.

ऑनलाइन परीक्षेचं सेंटर मिळावं म्हणून कॉलेजनं चाळीस कॉम्प्युटर घेतले होते. तपासणीला माणसं आली अन् अर्ध्या तासात लॅब नापास करून गेली. चार महिने कविता ओरडून सांगत होती की मशीन अडकून राहिल्यात. दर वेळी उत्तर एकच: तुम्हालाच चालवता येत नाहीत.

"आधी मशीन बघतो," मी म्हटलं.

"बघायचं काय त्यात? नव्या हायत."

"सही माझी आहे ना सर? मग बघू द्या."

कवितानं लॅब उघडली. कॅबिनेट कोरे करकरीत, समोर आय-सेव्हनचं स्टिकर. मी पहिलं मशीन चालू केलं, सिस्टिमचं पान उघडलं आणि माझं टाळकंच फिरलं. आय-सेव्हन, पुढं डॅश, पुढं ४७७०.

हे वाचायचं कसं ते सांगतो, अवघड काही नाही. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन या त्याच्या पायऱ्या. पण त्या एकाच पिढीतल्या. दर वर्ष-दीड वर्षाला नवी पिढी येते आणि ती त्या डॅशच्या पुढच्या आकड्यात लिहिलेली असते. चार आकडे असले तर पहिला आकडा पिढीचा. ४७७० म्हणजे चौथी. पाच आकडे असले तर पहिले दोन. १२१०० म्हणजे बारावी. नव्या लॅपटॉपांत चारच आकडे असून सुरुवात एकानं असली, तरीही पहिले दोन धरायचे. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन हा दहा-बारा वर्षांपूर्वीचा पैलवान. नाव मोठं, पण गुडघे गेलेले. बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री त्याच्या दुपटीच्या आसपास काम उरकतो, अन् वीजही कमी खातो. शिवाय नवं विंडोज आठव्या पिढीच्या खालच्या प्रोसेसरला हिशेबातच धरत नाही. परीक्षेवाल्यांना तेच विंडोज लागत होतं.

मी एक कॅबिनेट उघडला. आत कुठल्यातरी ऑफिसातून काढलेला प्रोसेसर, त्यावर उष्णता ओढणारी नवी पेस्ट थापलेली. वरून कीर्तन, आतून तमाशा. एकेक करून बघितलं, चाळीसच्या चाळीस असेच. कविता शेजारी उभी राहून बघत होती.

"म्हंजे माझं काही चुकलं न्हवतं?" तिनं विचारलं.

"तुझं काय चुकणार? या मशीनवर स्वतः बसवलं असतं ना तुला बोलणाऱ्या एकेकाला, तर कळलं असतं."

तसाच रागात केबिनमध्ये गेलो. प्राचार्य ऐकायला तयार नाहीत.

"खरेदी समितीत सगळे शिकलेले लोक होते कदम. बाजारात तीन होतं, पाच होतं, सात होतं. आम्ही सात घेतलं. चुकलं काय?"

"पिढी कुणी विचारली?"

"कोटेशनच्या तक्त्यात तो कॉलमच नव्हता."

शिकलेले लोक! घरी ट्रॅक्टर घेताना कितव्या सालचं मॉडेल हे दहादा विचारतील. इथं कॉलम नव्हता म्हणून विचारलं नाही. याच सप्लायरनं प्राचार्यांना लॅपटॉपही दिला होता, तोही आय-सेव्हन. मी त्याचा नंबर बघितला. ४६००, शेवटी यू. हे यू अक्षर म्हणजे बॅटरी वाचवणारा, कमी दमाचा प्रोसेसर. त्यात काम करणारे कोअर दोनच. माझ्या बॅगेत बाराव्या पिढीचा आय-थ्रीवाला लॅपटॉप होता, त्यात सहा. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले, तपासणीच्या फोटोंचं एकच फोल्डर दोन्हीकडं कॉपी केलं, झिप करायला लावलं. माझं झालं तेव्हा सरांचा निम्म्यावरही आला नव्हता. आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा.

"आता बोला, हलगर्जीपणा कुणाचा? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात तुम्ही."

प्राचार्य चिडले नाहीत. त्यांनी कपाटातनं खरेदीची फाइल काढली, एक पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"आवाज खाली ठेवा. हे तिसरं कोटेशन कुणाचं हाय?"

माझं. माझं लेटरहेड, माझा शिक्का, माझी सही. चाळीस नग, आय-सेव्हन, पिढीचा उल्लेख नाही. दर विजेत्यापेक्षा, म्हणजे लातूरच्या दिलीपपेक्षा, जरा जास्त.

आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. खरेदीला तीन कोटेशन लागतात. मग ज्याला ऑर्डर घ्यायची तो ओळखीच्या दोघांकडून जास्त दराचे कागद मागवतो. याला सपोर्टिंग म्हणतात. दिलीपनं मला फोन केला होता, "भाऊ, कोऱ्या लेटरहेडवर सही-शिक्का करून पाठव, आकडे मी भरतो." मी कोरे कागद धाडून दिले. कॉलेज कोणतं हेही विचारलं नाही. नंतर ती गोष्ट डोक्यातून गेली.

मी व्हरांड्यात येऊन दिलीपला फोन लावला. तोंडाला येईल ते बोललो.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "झालं का तुझं? तू मागितलेस तवा मी न्हाई दिले का कागद? चार वर्षांत किती दिले, मोज की. तवा बरा न्हाई आला तुला राग."

फोन ठेवला. कविता तिथंच होती, तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि आता राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

आत गेलो तर प्राचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं नाव खराब होऊ नये असं मलाही वाटतं. तेवढं एक वाक्य लिहा अन् मोकळे व्हा. ती बाई काय, दुसरीकडं लागंल."

"दुसरीकडं लागंल" हे त्यांनी जेवढ्या सहज म्हटलं, त्यानं माझी उरलीसुरली भीती गेली. मी कागद ओढला आणि लिहिलं. चाळीसही मशीन चौथ्या पिढीच्या, आतला माल वापरलेला. नवं विंडोज यावर अधिकृतपणे चालत नाही. ऑपरेटरचा काही दोष नाही. फाइलीतलं तिसरं कोटेशन माझं असून ते मी कोऱ्या कागदावर सही करून दिलं होतं. दर मी भरलेले नाहीत.

"शेवटचं वाक्य काढा," प्राचार्य म्हणाले.

"न्हाई काढत."

मी तो कागद आवक विभागात नेला, नंबर टाकून घेतला. नंबर पडला की कागद फाडता येत नाही. शिक्का मारलेली झेरॉक्स कविताच्या हातात दिली.

पुढच्या महिन्यात माझं एएमसी गेलं. कॉलेजच्या पुरवठादारांच्या यादीतूनही माझं नाव कटलं, आणि ते बरोबरच होतं. प्रकरण संस्थेपर्यंत गेलं, दिलीपला मशीन परत न्याव्या लागल्या. कविताला नवी ऑर्डर मिळाली. तिनं फोन करून सांगितलं. खरं सांगतो, ती आभार मानेल म्हणून मी थांबलो होतो.

"सर, चार महिने मी रोज बोलणी खाल्ली," ती म्हणाली. "रोज रात्री वाटायचं, आपल्यालाच काही येत नसंल. ते कागद तुमच्या सहीनं गेले होते."

मी हो म्हटलं.

सपोर्टिंग मागायला लोक आजही दुकानात येतात. मी सांगतो, देतो की, पण मशीनचा नंबर मी बघणार, कागदावर पिढी लिहिणार आणि दरही मीच भरणार. चहा घेतात आणि जातात. अजून एकही परत आलेला नाही.