हलक्या पट्ट्या

बोटांचे सांधे धरायला लागले तेव्हा मी आधी पेटीलाच दोष दिला. पेटी जुनी झाली, पट्ट्या कडक झाल्या, हवा दमट आहे. बोटं सोडून सगळ्यांना नावं ठेवून झाली. शेवटी संधिवात निघाला. डॉक्टर म्हणाले, वाजवणं कमी करा. जेवण कमी करा म्हणाले असते तर एक वेळ ऐकलं असतं.

माझी धाकटी जाऊ गाते आणि मी तिला पेटीची साथ करते. ती लग्न होऊन सांगलीला आमच्या घरात आली, तेव्हापासून. स्वयंपाकावरून आमच्या कुरबुरी झाल्या, पोरांवरून अबोले झाले, पण संध्याकाळी पेटी काढली की दोघी एक. या घरात मला त्याहून मोठं सुख मिळालेलं नाही. तेच हातचं जायची वेळ आली, म्हणून पेटी रिक्षात घातली आणि मिरज गाठलं.

ओळखीच्या कारागिरानं वरची फळी काढली. पट्टी पुढून दाबली की तिची मागची बाजू उचलते, तिच्याखालचं भोक उघडतं आणि भात्यातली हवा सुराच्या पितळी पत्तीतून जाते. बोट काढलं की पितळी तारेची स्प्रिंग पट्टीला परत भोकावर दाबून बसवते. म्हणजे इतकी वर्षं माझं बोट दर सुराला त्या तारेशी भांडत होतं, आणि आता तार जिंकत होती.

"स्प्रिंगा हलक्या करून द्या," मी म्हटलं.

"आवं मावशी, देतो की. पर स्प्रिंग ढिली झाली की पट्टी घट्ट बसत न्हाई. भाता जोरात मारला की हवाच तिला उचलणार. न दाबता सूर बोलत्यात मग."

"मी भाता हळू मारेन."

"मारा की. मग आवाज न्हाई यायचा."

कडक ठेवावी तर बोटं साथ देत नाहीत, हलकी करावी तर पेटी. मधलं काही निघतं का बघा, असं मी तोऱ्यात सांगितलं. तो हसलासुद्धा नाही, याचाच मला जास्त राग आला. त्यानं एकेक तार हलकी केली आणि पेटी माझ्यापुढे सरकवली. पट्ट्या इतक्या मऊ झाल्या होत्या की मला तिथंच रडू फुटलं.

घरी आल्यावर संध्याकाळी जाऊ पुढ्यात बसली. बोटं दुखत नव्हती, पेटीही शहाण्यासारखी वाजत होती. कारागिराला उगाच घाबरवायची सवय आहे, असं मी मनात म्हटलं. अंतऱ्याला आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, ही फार हळू गातेय. हिचा आवाज मुळात गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा. माझ्या भात्याकडे बघत बघत, गळा आवळून, ती माझ्यापुरतं गात होती.

माझं डोकंच फिरलं. "कुणी आजारी आहे का घरात? गा की मोकळ्या गळ्यानं!"

तिनं डोळे मिटले आणि आवाज सोडला. तिला पुरं पडायचं म्हणून मीही भाता जोरात मारला. त्याबरोबर मी हातही न लावलेल्या पट्ट्या उचलल्या. खर्जातला एक सूर कण्हायला लागला, वरचे दोन किणकिणले, मग सगळ्यांचा नुसता गलका झाला. कारागीर बोलला होता तसंच, तंतोतंत. मी भात्यावरचा हात काढून घेतला.

ती गातच राहिली. सूर तसूभर हलला नाही. उलट, गेल्या कित्येक महिन्यांत ती इतकं चांगलं गायली नव्हती. माझ्या दुखऱ्या बोटांसाठी ही कधीपासून अशी आवरून गात होती, देव जाणे. मी हात मांडीवर ठेवून ऐकत बसले.

गाणं संपलं. तिनं डोळे उघडले, माझ्या हातांकडे पाहिलं आणि अगदी खऱ्या नवलानं विचारलं, "अक्का, तुमी कवा थांबलासा?"